चौथ्या होलची साक्ष

प्रिय इरा आणि निशांत,

मागच्या महिन्यात इराने तिच्या कॉलेजजवळच्या एका गोल्फ क्लबचे फोटो पाठवले. हिरव्या टेकड्या, कुंपणापलीकडे मेंढ्या, दगडी क्लबहाउस आणि आत खिडकीपाशी चहा, केकची बशी. खाली लिहिलं होतं, "आजी, तुझा क्लब असाच होता का? किती मजा असेल!" त्या केकच्या मागे भिंतीवर एक लाकडी फळा आहे आणि त्यावर सोनेरी अक्षरांत नावं लिहिलेली आहेत. इराने केकचा फोटो काढला. मी फळा पाहिला, फोन बाजूला ठेवला आणि उत्तर दिलं नाही. हे ते उत्तर आहे. दिवाळी अंकाच्या संपादकबाई बरेच दिवस माझ्याकडे नोकरीतल्या आठवणी मागत होत्या, म्हणून ते छापून येत आहे. तुमची आई वाचून दाखवेल.

इंग्रजीत का नाही लिहिलंस, असं निशांत विचारणार. बाळा, मी छावणीतल्या मिशनच्या शाळेत शिकले आणि नोकरीभर इंग्रजीतच लिहीत आले. "कळवण्यास खेद होतो की" हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलं आहे की इंग्रजी सुरू झालं की माझा हात आपोआप क्लबच्या बाजूने लिहू लागतो. म्हणून मराठीत.

क्लब देखणा होता, हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारीला त्यात काही चांगलं दिसलंच नाही. शहरातून दौलताबादच्या अंगाला निघालं की डोंगराच्या पायथ्याशी तो होता. नऊ होलचं मैदान, कडेने कडुनिंब, उतारावर सीताफळीची झुडपं, आणि कुठूनही मान वर केली की किल्ला. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत सगळं हिरवं. मग मैदान वाळून पिवळं पडायचं आणि फक्त होलभोवतीच्या हिरवळीला पाणी मिळायचं. सकाळी मोर यायचे. क्लबहाउस कौलारू होतं, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, आत ऑम्लेटचा वास. सभासद पाहुण्यांना म्हणायचे, "इथं आलं की लंडनला आल्यासारखं वाटतं." दौलताबादला आल्यासारखं वाटतं, असं म्हणणारा मला एकही भेटला नाही.

माझं काम काय होतं? पाटीवर 'सचिव' लिहिलं होतं. बिलियर्डच्या टेबलाचं कापड कधी बदलायचं, आचारी आणि बेअरर यांचं भांडण कसं मिटवायचं, कोणत्या सभासदाला कोणत्या सभासदाशेजारी बसवायचं नाही, हे सगळं माझ्याकडे. पण मुख्य काम हॅन्डिकॅपचं. कच्च्या खेळाडूला पक्क्याबरोबर खेळता यावं म्हणून त्याला काही फटक्यांची सूट मिळते, तिला हॅन्डिकॅप म्हणतात. जितका कच्चा, तितकी सूट जास्त, आणि सूट जास्त तितकं बक्षीस जवळ. त्यामुळे बाहेर स्वतःला मोठं म्हणवणारी माणसं माझ्या टेबलासमोर बसून आपण किती वाईट खेळतो हे मला पटवून द्यायची. असं दृश्य दुसऱ्या कुठल्या कचेरीत पाहायला मिळत नसेल.

गोल्फमध्ये पंच नसतो. आपले फटके आपणच मोजायचे, बरोबरच्याने कार्डावर साक्षीची सही करायची, मग ते कार्ड माझ्याकडे येणार, मी तपासून खाली सही करणार. एका सर्जनांचा बॉल झाडामागे गेला की ते झाडाशी फार वेळ रेंगाळायचे आणि बॉल आपोआप मोकळ्यावर यायचा. खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारे कॅडी म्हणायचे, "साहेबांच्या बुटात बी एक काठी हाय." कार्डावर मात्र सगळं नीट असायचं. सही असायची. मीही सही करायची.

आता होल इन वन. टी म्हणजे जिथून पहिला फटका मारतात ती जागा. तिथून मारलेला बॉल एकाच फटक्यात थेट भोकात गेला, तर तो होल इन वन. चांगल्या खेळाडूंचंही अख्खं आयुष्य त्याशिवाय जातं. आमच्याकडे तो फक्त चौथ्या होलवर शक्य होता. ती टी एका टेकाडावर, खाली नाला, नाल्यापलीकडे हिरवळ आणि तिच्या मागे किल्ला. ज्याला तो जमला त्याने त्या वेळी क्लबहाउसमध्ये असतील त्या सगळ्यांना खाऊपिऊ घालायचं, असा रिवाज. त्याचं नाव फळ्यावर सोन्यात लिहायचं, हा दुसरा रिवाज.

एका रविवारी बियाण्यांचे मोठे व्यापारी असलेले एक शेठ माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, होल इन वन झाला."

"अरे वा, अभिनंदन!"

"हळू बोला हो. बाहेर किती लोक आहेत?"

रविवार होता, व्हरांडा भरलेला होता.

"ही नोंद मंगळवारची करता येईल का? मंगळवारी कोणी नसतं."

मी नाही म्हटलं. शेठनी चहा आणि कांदाभजी दिली, आणि संध्याकाळपर्यंत तोंड पाडून बसले. साक्ष त्यांच्या मेहुण्याची. तोही सभासद. भजी खात तो माझ्या काउंटरपाशी आला आणि म्हणाला, "खरं सांगू का मॅडम, मी तेव्हा नाल्यात माझा बॉल शोधत होतो. भाऊजींचा आरडाओरडा तेवढा ऐकला."

मी हे कॅप्टनच्या कानावर घातलं. गोल्फ क्लबचा कॅप्टन म्हणजे सैन्यातला नव्हे. सभासदांनी निवडलेला, खेळाचा प्रमुख. आमचे कॅप्टन एका कारखान्याचे निवृत्त संचालक होते, बोलण्यात फार सभ्य. ते म्हणाले, "मॅडम, सभासदाने सांगितलं, झालं. गोल्फमध्ये शब्द हाच पुरावा. हा खेळच मुळी त्यावर उभा आहे."

मला ते वाक्य आवडलं होतं, खोटं कशाला सांगू? पुढच्या परिपत्रकात मी ते घातलंसुद्धा. औरंगपुऱ्यातून रफीकभाई पेंटर आपल्या स्कूटरवर ब्रश आणि डबी घेऊन आले आणि त्यांनी शेठचं नाव सोन्यात लिहिलं.

सुशीला साळवे आमच्याकडे माळीकाम करायची. खालच्याच वस्तीवरची, माझ्याहून थोडी लहान. हिरवळ कापणं, पाणी देणं, पालापाचोळा काढणं. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायची, म्हणून त्या दिवशी अर्धी सुट्टी. या खेळाबद्दलचं तिचं मत तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

"मॅडम, बॉल भोकातच टाकायचाय ना? मग चालत जाऊन टाकावा की. एवढ्या लांबून काठीनं काऊन?"

सोमवारी मैदान सभासदांना बंद असायचं. दुरुस्तीची कामं व्हायची आणि दुपारनंतर कॅडी आणि नोकर मंडळींना खेळायची मुभा होती, सभासदांनी टाकून दिलेल्या काठ्यांनी. जुन्या काळापासून चालत आलेली पद्धत होती ती. ज्या खेळाबद्दल मी इतकी वर्षं पत्रं लिहीत होते, तो एकदा खेळून पाहावा म्हणून एका सोमवारी मीही गेले. सुशीला पाइप गुंडाळत होती. माझं उभं राहणं पाहून तिला हसू आवरेना.

"तुमी तर फायलीवर सही कराया वाकल्यावानी वाकता!"

"मग तू दाखव."

तिने चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि मारला. त्यानंतर आमचं सोमवारी खेळणं ठरूनच गेलं. दोघींत मिळून एकच पिशवी, तिच्यात पाचसहा काठ्या, एकीची मूठ सैल. ती चांगली खेळायची, मी कायम वाईट. तुमच्या आजोबांनासुद्धा मी हे बरेच दिवस सांगितलं नव्हतं. त्या सोमवारांइतकं मोकळं मला त्या आवारात कधीच वाटलं नाही.

तो सोमवार दिवाळीनंतरचा. ऊन उतरलं होतं, किल्ला तांबूस दिसत होता. चौथ्या टीवर माझा बॉल नेहमीप्रमाणे नाल्यात गेला. सुशीलाने सात नंबरची लोखंडी काठी घेतली. बॉल नाला ओलांडून हिरवळीच्या कडेवर आपटला, एकदा उडाला, डावीकडे वळून घरंगळत गेला, भोकात उभ्या असलेल्या झेंड्याच्या काठीला टेकला आणि दिसेनासा झाला. टेकाडावरून सगळं ताटात वाढल्यासारखं दिसत होतं.

"गेला?" ती म्हणाली.

"गेला."

"कुठं गेला?"

"आत."

"आत म्हंजी?"

"आत म्हणजे आत, सुशीला!"

ती टीवरच खाली बसली. मग म्हणाली, "आता म्या भजी द्यायची व्हय सगळ्यांना?"

आम्ही नाला उतरून पलीकडे गेलो. मी म्हटलं, काढ बॉल. ती हात घालेना.

"तुमी बघा आदी. तुमच्या डोळ्यांनी बघा. उद्या कुणी काय म्हणंल."

"कोण काय म्हणणार आहे? मी पाहिलंय ना. माझा शब्द आहे."

मी वाकून पाहिलं. बॉल आत होता.

पुढच्या रविवारी तिने घरून डबाभर शेंगदाण्याचे लाडू आणले. भजी नाही, पण रिवाज तो रिवाज. कॅडींनी खाल्ले, आचाऱ्याने खाल्ले, रंगकामाला आलेल्या रफीकभाईंनी खाल्ले, व्हरांड्यातल्या सभासदांनीही खाल्ले. "वा, सुशीलाबाई! कमाल केली!" कॅप्टननी दोन खाल्ले आणि म्हणाले, "फळ्यावर नाव लावलं पाहिजे हं." ते गमतीने म्हणाले होते. मी खरं धरलं.

मी समितीला एक पान लिहिलं. काय झालं, कुठे, कोणासमोर. नाव फळ्यावर यावं ही विनंती. त्यांनी मला बैठकीत बोलावलं. लांब टेबलाशी सगळे, बाजूला माझी नेहमीची खुर्ची, जिथे बसून मी त्यांचा वृत्तांत लिहायची.

कॅप्टन म्हणाले, "मॅडम, सोमवारी मैदान बंद असतं. बंद मैदानावरचा होल कसा धरायचा?"

"मैदान बंद असतं. भोक उघडंच असतं."

सगळे हसले. मला वाटलं, जिंकलं.

"बरं, साक्षीदार कोण?"

"मी."

कॅप्टननी चष्मा काढून रुमालाने पुसला. "तुमच्यावर अविश्वास मुळीच नाही, मॅडम."

"मग प्रश्नच मिटला."

"पण साक्ष सभासदाची लागते. तुम्ही स्टाफ आहात."

"तुमच्या प्रत्येकाच्या कार्डावर माझी सही असते, सर."

"सही तुमची असते, मॅडम," ते अगदी मऊपणे म्हणाले. "शब्द आमचा असतो."

तेवढ्यात शेठ बोलले, तेही समितीवर होते. "आणि लिहायचं काय म्हणून? एस. साळवे?" मग थोडं थांबून, टेबलाकडे बघत, "साळवे." आडनाव त्यांनी असं दोनदा उच्चारलं. "माझ्या नावाच्या खाली. मला काही नाही हो, आपण तसलं काही मानत नाही. पण बाहेरचे पाहुणे येतात, विचारतात कोण म्हणून."

"आमच्या माळीणबाई, म्हणून सांगा. तुम्हांला जड जात असेल तर मी सांगेन."

बेअररने चहा आणला. कोणीतरी आगामी सामन्याचा विषय काढला. मेहुणा नाल्यात होता, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं, कारण पार्टीत तो किस्सा मेहुणा स्वतःच रंगवून सांगायचा. मला वृत्तांतात लिहायला सांगितलं, "विषयाची नोंद घेण्यात आली." मी ते माझ्या चांगल्या इंग्रजीत टाइप केलं.

सुशीला पंपाच्या खोलीपाशी वाट बघत होती.

"काय म्हणले?"

"नाही म्हणाले."

"बॉल गेलाच नाय म्हणले का?"

"गेला म्हणाले. पण मी पाहिलेलं चालत नाही."

तिने पंपाच्या खोलीला कडी घातली. मग हसली. "म्हंजी तुमचं बी माझ्यावानीच की, मॅडम."

मुलांनो, तोपर्यंत मला खरंच वाटत होतं की मी टेबलाच्या त्या बाजूची आहे. मी त्यांच्या कपातून चहा पीत होते. ते माझ्याशी इंग्रजीत बोलायचे, लेकीच्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर माझ्याकडून तपासून घ्यायचे. माझ्या सहीशिवाय त्यांचं एक बक्षीस निघत नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की सही करण्यासाठी त्यांनी एक माणूस ठेवलं होतं, जसं हिरवळ कापण्यासाठी ठेवलं होतं.

समितीचा नकार सगळ्या क्लबला कळला, बाहेरून येणाऱ्या रफीकभाईंना तेवढा नाही. रफीकभाई दुसऱ्या फळ्यावर सामन्याच्या विजेत्याचं नाव लिहायला आले तेव्हा ब्रश भिजवत मला म्हणाले, "मॅडम, चौथेवाली का नाम कब लिखना है?"

"नहीं लिखना, रफीकभाई. मंजूर नहीं हुआ."

"अच्छा," ते म्हणाले. "मेरे सामने लड्डू खाए थे सब." आणि कामाला लागले. नंतर त्यांना होल इन वनच्या फळ्यावर आणखी एक नाव लिहायला बोलावलं, तेव्हा त्यांनी शेठच्या नावाखाली एक ओळ मोकळी सोडली आणि पुढचं नाव त्याखाली लिहिलं. ती मोकळी ओळ फार दिवस टिकली नाही. कोणाच्या तरी डोळ्यांना ते अंतर खुपलं, आणि त्या जागी एक छोटी सोनेरी वेलबुट्टी रंगवायचं ठरलं. रफीकभाईंनी ती रंगवायला आपल्या मुलाला पाठवलं. स्वतः आले नाहीत.

मग वार्षिक समारंभ. हिरवळीवर मांडव, दिव्यांच्या माळा, शहरातले मोठे लोक. कोणाच्या तरी मनाला लागलं असावं, म्हणून सुशीलाला मंचावर बोलावलं. कॅप्टनच्या हातात साडी आणि नारळ. ती पंपावरून तशीच आली, ओल्या पायांनी.

"साहेब, हे त्या बॉलचं हाय का?" तिने माइकसमोरच विचारलं.

"नाही नाही, हे तुमच्या सेवेबद्दल."

"सेवा तर चालूच हाय की माझी. संपली की द्या."

आणि ती मंचावरून उतरून गेली. सगळे हसले, कॅप्टन सर्वांत मोठ्याने. साडी आणि नारळ माझ्या टेबलावर आले आणि कपाटात पडून राहिले.

त्या समारंभानंतर सोमवारचा खेळ बंद झाला. कारण दिलं, मैदानाची निगा. परिपत्रक मीच काढलं. पुढे माळीकाम एका कंत्राटदाराला गेलं, त्याने आपली माणसं आणली, आणि सुशीलाची सेवा संपली. कोणी साडी दिली नाही. मी विचारलं तेव्हा कॅप्टन म्हणाले, हा कंत्राटदाराचा विषय आहे. तिला शेंद्र्याच्या एका कारखान्यात बागकाम मिळालं, पहाटे बसने जायचं आणि अंधार पडल्यावर यायचं. तुमची आई तेव्हा इंजिनिअरिंगला होती, फी भरायची होती. मी निवृत्त होईपर्यंत क्लबातच राहिले. निरोपाच्या भाषणात कॅप्टन म्हणाले, मॅडमचा शब्द म्हणजे शब्द. टाळ्या चांगल्या पडल्या.

आता तिथे क्लब नाही. जमिनीचा करार संपला, मालकाच्या मुलांनी ती प्लॉट पाडायला दिली. रस्त्यावर मोठा फलक आहे, फार्महाउस प्लॉट, घरातून किल्ल्याचं दर्शन. क्लबहाउस लग्नांना भाड्याने मिळतं. सामान हलवण्याच्या दिवशी मी मुद्दाम गेले. सुशीलालाही फोन केला, ती आली. सभासदांपैकी कोणी नव्हतं. भंगारवाल्याने तो फळा भिंतीवरून उतरवला, पालथा केला आणि पाठीवर खिळ्याने ओरखडा काढून पाहिला.

"सागवान हाय का हो, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं. "साध्या फळीवर सागाचं पॉलिश आहे."

त्याने तो वेताच्या खुर्च्यांच्या खाली टेम्पोत टाकला. सोनेरी नावं खाली, पाठ वर. सुशीलाने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं, माझं नाव नव्हतं त्यात. खुर्च्यांखाली गेलं असतं." तिला हसू आलं. मला आलं नाही.

मग आम्ही चौथ्या होलपर्यंत चालत गेलो. नाल्यात बाभळी माजल्या होत्या. हिरवळीची जागा फक्त सपाटीमुळे ओळखू येत होती. सुशीलाने पिशवीतून खुरपं काढलं, गवत बाजूला केलं आणि भोकात बसवलेला पत्र्याचा कप उकरून काढला. भोक ढासळू नये म्हणून असा कप आत बसवतात. त्यात माती भरली होती आणि एक गोगलगाय होती. गोगलगाय तिने गवतात ठेवली.

"हा न्यायला कुणाला विचारायचं?" मी म्हटलं. सवय जात नाही.

"कुणाला?" ती म्हणाली, आणि कप पदराने पुसून पिशवीत टाकला.

तर इरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. हो, माझा क्लब असाच होता. अगदी असाच. केकसुद्धा मिळायचा, आचारी चांगला होता. तुझ्या फोटोतल्या फळ्यावरची नावंही खरीच असतील, मी कशाला शंका घेऊ. पण पुढच्या वेळी गेलीस तर तिथली हिरवळ कोण कापतं, तिचं नाव विचारून ये.

मागच्या आठवड्यात मी सुशीलाकडे जेवायला गेले होते. कप तिच्या ओट्यावर आहे, गॅसच्या शेगडीशेजारी. पाणी निघून जावं म्हणून त्याच्या तळाला भोकं असतात, त्यामुळे धुतलेले चमचे त्यात चांगले निथळतात. पळी आणि उलथनंही त्यातच असतं.